सरकारी बोटीतून कुट्टनाड: अलेप्पी ते कोट्टायम, आणि पुढे मन्रो बेट

केरळच्या बॅकवॉटरला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिल्यांदा हाऊसबोटीचं भाडं विचारतात. आम्ही दोघांनी जानेवारीच्या शेवटी हा सगळा भाग निवांत पाहिला. हाऊसबोटीतही एक रात्र राहिलो. पण कुणी सल्ला विचारला तर मी एकच सांगते: आधी तिथल्या राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या प्रवासी बोटीत बसा. कुट्टनाड म्हणजे या बॅकवॉटरमधला भातशेतीचा सखल भाग. तिथली माणसं कशी राहतात, शेती कशी करतात, हे त्या लाकडी बाकावर बसून जितकं कळतं तितकं दुसरीकडून कळत नाही.

जायचं कसं, हे आधी सांगते. मुंबईकडच्यांना नेत्रावती एक्सप्रेस सगळ्यात सोयीची. पनवेल, चिपळूण, रत्नागिरी, मडगाव करत ती कोकण रेल्वेने जाते आणि गाडी न बदलता थेट अलेप्पीला सोडते. तिकीट काढताना स्टेशनचं नाव आलप्पुळा असं शोधा. एक रात्र गाडीत जाते. तिकीट मात्र आरक्षण खुलं होतं त्या दिवशीच काढा, ही गाडी लवकर भरते. विमानाने कोचीला उतरलात तर विमानतळापासून अलेप्पी रस्त्याने दोन-अडीच तासांवर आहे.

अलेप्पीची बोट जेट्टी गावातच, कालव्याच्या काठाला आहे. अठराव्या शतकात त्रावणकोर संस्थानाचे दिवाण राजा केशवदास यांनी इथे बंदर वसवलं आणि आतल्या भागातला माल समुद्रापर्यंत यावा म्हणून कालवे खणवले. त्याच कालव्यातून आजची बोट निघते. कोट्टायमला जाणाऱ्या बोटी दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी जेट्टीवरच्या खिडकीत वेळ विचारून ठेवा. बोटीवरच्या पाट्या बहुतेक मल्याळममध्ये असतात. "कोट्टायम?" एवढं विचारलं की कुणीतरी हाताला धरून योग्य बोटीत बसवतं. प्रवास अडीच तासांचा आणि तिकीट तीस रुपयांच्या आसपास. सुटे पैसे जवळ असू द्या. बोटीत स्वच्छतागृह असेलच असं धरून चालू नका. सकाळची पहिली बोट धरलीत तर ऊन सौम्य असतं आणि शाळा-कॉलेजला, कामाला निघालेली माणसं भेटतात.

जुन्या बोटीत सारंग पुढे सुकाणूवर बसतो आणि इंजिन चालवणारा मधल्या खड्ड्यात इंजिनापाशी. तिथून त्याला बाहेरचं काही दिसत नाही. सारंगाच्या डोक्यावरून एक दोरी मागे गेलेली असते, ती ओढली की इंजिनापाशी घंटा वाजते. पुढे, थांब, मागे घे, सगळं त्या टोल्यांवर चालतं. धक्का आला की खलाशी दोर घेऊन उडी मारतो, खांबाला एक वेढा देतो, दोन माणसं उतरतात, तीन चढतात आणि वेढा सुटतो. बोट पूर्ण थांबतसुद्धा नाही. आमच्या समोर बसलेली एक बाई गॅसचा सिलेंडर घेऊन आली होती. तिचा धक्का म्हणजे दोन नारळाच्या ओंडक्यांवर टाकलेली एक फळी. खलाशाने सिलेंडर उतरवून दिला, तिच्या मुलाने तो छोट्या होडीत ठेवला आणि दोघं आडव्या कालव्यात शिरली.

अलेप्पीचा कालवा संपला की पुन्नमडा येतं. नेहरू ट्रॉफीच्या लांबलचक सर्पनौकांची शर्यत इथेच होते. १९५२ साली पंडित नेहरू इथे आले तेव्हापासूनची ही प्रथा. ज्यांना शर्यत बघायची असेल त्यांनी ऑगस्टमध्ये यावं, पण तारीख नक्की करूनच तिकिटं काढावीत, ती अलीकडे मागेपुढे झाली आहे. तिथून बोट वेंबनाड सरोवरात शिरते. हे देशातलं सगळ्यात लांब सरोवर. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या कुट्टनाडातून येऊन त्यालाच मिळतात.

आणि इथे आमचे हे बाकावरून उठून उभेच राहिले. यांचं गाव पेणजवळ, खारेपाटात. लहानपण खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या खारबांधावर गेलेलं. उजव्या हाताला बांध होता आणि बांधापलीकडचं भाताचं शेत बोटीच्या पाण्यापेक्षा खाली होतं, चांगलं पुरुषभर खाली. आपण वरून जातोय आणि हिरवंगार भात आपल्या पायाखाली, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. कुट्टनाडची शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, साधारण अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंत. सरोवराच्या तळातच नारळाचे सोट दोन रांगांत ठोकायचे, त्यांना बांबूच्या चटया बांधायच्या, मध्ये काडीकचरा, वाळू आणि तळाची चिकण माती भरायची, आणि असा बांध चारी बाजूंनी पूर्ण झाला की आतलं पाणी उपसून टाकायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई पडली तेव्हा मुरिक्कन नावाच्या शेतकऱ्याने अशी मोठमोठी शेतं सरोवरातून उभी केली. चित्तिरा, मार्ताण्डम, राणी ही त्यांची नावं त्रावणकोरच्या राजघराण्यावरून ठेवलेली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान दिला.

"आपल्याकडे ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, उघडली की पाणी आपोआप निघून जातं," हे म्हणाले, "यांना ती सोय नाही. सगळं पाणी उचलूनच टाकावं लागणार." बरोबर होतं त्यांचं. बांधावर ठिकठिकाणी लाकडी पेटी आणि पिंपासारखं उभं नळकांडं असलेला इथला पारंपरिक पंप दिसतो, त्याला आता विजेची मोटर असते. ऑक्टोबरच्या सुमाराला शेतं उपसतात, मग पेरणी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी. म्हणून हिरवं भात बघायचं तर जानेवारी उत्तम. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात हा अख्खा भाग रिकामा करावा लागला होता. शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षकांनी एका घराच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ते बोटाने दाखवलं. खिडकीच्या वर.

कोट्टायम जवळ आलं की कालवा अरुंद होतो आणि आडवे पूल लागतात. बोटीने भोंगा दिला की काठावरचं कुणीतरी दोर ओढून पुलाचा मधला भाग उचलून धरतं, बोट खालून जाते, पूल पुन्हा खाली. त्या पुलावरून जाणारे सायकलवाले शांतपणे थांबलेले असतात. कधी पूल बिघडतो, कधी जलपर्णी इतकी दाटते की बोट कांजिरमलाच थांबते. तसं झालं तर तिथून बस किंवा रिक्षाने कोट्टायमला जाता येतं.

कोट्टायमहून त्याच वाटेने परत येऊ नका. बसने कुमारकोमला जा. सकाळी पक्षी अभयारण्य पाहा, हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी असतात. मग तिथल्या जेट्टीवरून मुहम्माची सरकारी बोट धरा. ही बोट वेंबनाड आडवं ओलांडते, पाऊण तासाच्या आत. वाटेत पातिरामणल हे छोटं बेट दिसतं. मुहम्माहून अलेप्पीला बस आहेत. असा एक सुंदर फेरा एका दिवसात आरामात होतो, आणि दोघांचा खर्च हॉटेलातल्या एका जेवणाएवढाही होत नाही. याच मार्गावर जुलै २००२ मध्ये बोट उलटून २९ जणांचा जीव गेला होता. म्हणून बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढचीची वाट बघा, आपल्याला कुठे घाई आहे?

आता हाऊसबोट. तिचा मूळ अवतार म्हणजे केट्टुवल्लम, भात आणि माल वाहणारी मोठी होडी. आंजिली लाकडाच्या फळ्या काथ्याने शिवून केलेली, खिळा न मारता. आतून बघितलंत तर ती शिवण हात लावून पाहा, मला त्या कारागिरीपुढे नतमस्तक व्हावंसं वाटलं. पण बुकिंग करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोट दुपारी बाराच्या सुमाराला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सोडावी लागते. संध्याकाळी साडेपाच-सहाला ती काठाला लागते, कारण रात्री कोळी जाळी टाकतात. म्हणजे प्रत्यक्ष फिरणं पाच-सहा तासांचंच. दुसरं म्हणजे ती रुंद असते, आतल्या कालव्यांत शिरूच शकत नाही. एसी किती वाजता सुरू होणार, रात्री बोट कुठे बांधणार, मैल्याची टाकी आहे ना, हे आधीच विचारा. शेवटचा प्रश्न तर विचाराच. त्याच पाण्यात काठावरच्या बायका भांडी घासतात. डिसेंबर ते मार्च-एप्रिल तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारं समुद्राचं खारं पाणी अडवायला बंद असतात, त्यामुळे पाणी वाहतही नाही. जे पडेल ते साचून राहतं.

त्यापेक्षा कैनकरी किंवा चंपक्कुळमकडे कालव्याच्या काठावरच्या एखाद्या घरगुती होमस्टेमध्ये राहा आणि वल्ह्याची छोटी होडी दोन-तीन तासांसाठी ठरवा. इंजिन नको, हे स्पष्ट सांगा. आमच्या होमस्टेच्या चेचींनी, म्हणजे ताईंनी, जेवायला जाड लाल भात, मीनकरी (माशाची आमटी) आणि केळीच्या पानात भाजलेला करीमीन मासा केला होता. कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि झणझणीत मासळी हे दुपारचं जेवण पोटभरीचं होतं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. पुट्टू-कडला (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्यांची उसळ) आणि अप्पम-इष्टू (तांदळाचं अप्पम आणि नारळाच्या दुधातला रस्सा) सगळीकडे मिळतं. डासांसाठी मलम घ्या, आणि टोपी विसरू नका.

सवड असेल तर अलेप्पीहून रेल्वेने कोल्लमला जा. अष्टमुडी सरोवर तिथे आहे, आणि कल्लडा नदी त्याला मिळते तिथे मन्रो बेट. त्रावणकोरचे दिवाण राहिलेल्या कर्नल मन्रो यांचं नाव त्याला आहे. इथले कालवे इतके चिंचोळे की दोन्ही काठांना हात लागतो आणि पुलाखालून जाताना होडीत आडवं व्हावं लागतं. पण भरतीचं पाणी आता घरांत शिरतं, पुष्कळ कुटुंबं उठून गेली आहेत, रिकामी घरं कालव्यातून जाताना दिसतात. आमच्या होडीवाल्याने त्याचं जुनं घर दाखवलं आणि आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो.

मन्रोला पहाटे सहाच्या सुमाराला होडी धरा, त्यासाठी रात्री बेटावरच राहा. पॅसेंजर गाडी थांबते असं स्टेशन बेटाजवळच आहे. परतीची नेत्रावती कोल्लमला थांबते, तेव्हा तिचं तिकीट तिथूनच काढा, पुन्हा अलेप्पीला यायची गरज नाही.