नुसतं ‘डी’ लिहून भागत नाही

भूकंपात यंत्रं हलू नयेत म्हणून ती बोल्टने पक्की करायची, म्हणजे अँकरिंग; त्याचं गणित करणं हे माझं रोजचं काम. हातात येणाऱ्या स्पेसिफिकेशनमध्ये भूकंपाबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘उपकरण सिस्मिक डिझाइन कॅटेगरी डी साठी योग्य असावे.’ कुठे कुठे तर अजून ‘झोन ४’ सापडतं. ते झोन यूबीसी या जुन्या अमेरिकी बांधकाम कोडमधले. त्याची शेवटची आवृत्ती १९९७ ची. २००० पासून आयबीसी हा नवा कोड आला आणि झोन गेले.

या एका ओळीवरून बोल्ट ठरत नाही. मुळात कॅटेगरी यंत्राची नसतेच, इमारतीची असते. त्या जागी हादरा किती अपेक्षित आहे, पायाखाली खडक आहे की मऊ माती, आणि इमारत कशासाठी आहे, यावरून ए ते एफ यांपैकी अक्षर ठरतं. तोच पंप एका इमारतीत बी मध्ये बसतो आणि कोड त्याला भूकंपाच्या अटींतून सूट देतो. दुसरीकडे तो डी मध्ये जातो.

बरं, डी कळलं तरी जोर कळत नाही. एसडीएस, म्हणजे कमी आवर्तकाळाच्या (झपाट्याने होणाऱ्या) कंपनांसाठीचं डिझाइन त्वरण, ०.५० जी झालं की डी सुरू. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. १.० जी असलं तरी बऱ्याच ठिकाणी डीच. अक्षर एकच, बल दुप्पट. म्हणून मी सगळ्यात आधी एसडीएसचा आकडा मागतो आणि कोडची आवृत्तीही विचारतो, कारण आयबीसी ज्याचा आधार घेतो त्या एएससीई ७ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत उपकरणांचं सूत्रच बदललंय.

आधीच्या, २०१६ च्या सूत्राने करून बघू. २००० किलोचा पंप, एसडीएस १.०. तळमजल्यावर सूत्र वजनाच्या १६ टक्के आडवं बल देतं, पण किमान मर्यादा ३० टक्क्यांची, म्हणून ६०० किलो धरायचे. तोच पंप गच्चीवर नेला की ९६० किलो. आणि त्याचा इम्पॉर्टन्स फॅक्टर, म्हणजे यंत्राच्या महत्त्वानुसार बल वाढवणारा गुणक, १.५ असेल तर १४४०. कॅटेगरी मात्र तिन्ही वेळा डी!

हा १.५ कुणाला लागतो, यावर मी कधीच तडजोड करत नाही. भूकंपानंतर जीव वाचवण्यासाठी जे चालू राहायलाच हवं, उदाहरणार्थ फायर पंप. ज्यात ठरावीक प्रमाणाबाहेर विषारी किंवा स्फोटक द्रव्य आहे. किंवा ज्याच्यावाचून हॉस्पिटलसारखी अत्यावश्यक इमारत चालणार नाही, अशांना तो लागतो. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात नवंकोरं असताना मोडलं. मग ते भक्कम बांधलं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात जमिनीवर ०.९१ जी आणि छतावर २.३१ जी त्वरण नोंदलं गेलं, तरी सांगाडा शाबूत राहिला. पण स्प्रिंकलरचे आणि चिल्ड वॉटरचे पाइप फुटले, मजल्यांवर पाणी झालं आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. इमारत उभी, हॉस्पिटल बंद. ज्या दिवशी माणसं जखमी होऊन दारात येणार, नेमक्या त्याच दिवशी. ‘पाइपच तर आहे’ असं कुणी म्हणालं की मला हे सांगावंच लागतं.

शिवाय अशा महत्त्वाच्या यंत्रांचं काम बोल्टच्या गणिताने संपत नाही. बोल्ट धरून ठेवेल, पण आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, हादऱ्यात ट्रिप होणार नाही हे गणित सांगत नाही. त्यासाठी शेक टेबलवरची, म्हणजे कृत्रिम हादरे देणाऱ्या टेबलावरची चाचणी लागते, बहुतेकदा एसी १५६ या ठरलेल्या पद्धतीने. पॅनेल हलवायचं आणि नंतर ते चालतंय का हे बघायचं.

कंपन शोषायला स्प्रिंगवर बसवलेल्या यंत्रांकडे मी जरा जास्तच बारकाईने बघतो. स्प्रिंगवरचं यंत्र भूकंपात हेलकावतं आणि अडवणाऱ्या स्नबरवर आदळतं. स्नबर आणि फ्रेममधली फट पाव इंचापेक्षा जास्त असेल तर कोड सरळ दुप्पट बल धरायला लावतो. पाव इंच म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. ड्रॉइंगवर ती फट लिहिलेली नसेल तर मी सही करत नाही.