खाली बसावं लागतं का?

हा प्रश्न मी गेल्या उन्हाळ्यात, आम्ही सुरू केलेल्या व्यायामाच्या तासाबद्दल, फोनवर निदान सात-आठ वेळा ऐकला. विचारणाऱ्या सगळ्या काकू-मावश्या, लेकाकडे नाहीतर लेकीकडे तीन महिन्यांच्या शेंगेन व्हिसावर जर्मनीत श्टुटगार्टला आलेल्या. "येईन गं, पण खाली बसावं लागतं का?" विचारतात बसण्याबद्दल, पण भीती असते उठण्याची. खाली बसले आणि सगळ्यांदेखत उठता आलं नाही तर?

मला ते लगेच कळलं, कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्याच भीतीने एका शाळेच्या व्यायामशाळेबाहेर दहा मिनिटं उभी होते.

झालं होतं असं की, ओट्याखालच्या खणातून कुकर काढताना कमरेत उसण भरली. वय सत्तेचाळीस, दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर, चालणं म्हणाल तर स्वयंपाकघर ते बाल्कनी. त्याआधी एकदा जिमचा वर्षभराचा करार करून झाला होता. पहिल्याच दिवशी तिथल्या मुलाने मला एका यंत्रावर उभं केलं आणि माझ्या चरबीचा छापील हिशोब हातात ठेवला. चारही भिंतींना आरसे. पुढच्या वर्षभरात मी पाच वेळा गेले. एका खेपेचे किती युरो पडले याचा हिशोब मी नवऱ्याला आजतागायत सांगितलेला नाही.

उसण भरल्यावर हाडांच्या डॉक्टरकडे गेले. तासभर थांबले, चार मिनिटं आत होते. त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक कागद दिला: रेहास्पोर्ट. आपल्याकडे नसलेली आणि असायला हवी अशी ही गोष्ट आहे, म्हणून जरा नीट सांगते. इथे सरकारी चौकटीतला आरोग्यविमा, म्हणजे क्रांकेनकासे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर गटाने करायच्या व्यायामाचे पैसे भरतो. पाठ, गुडघे, कंबर यांच्या तक्रारींसाठी साधारण ५० तास मिळतात, आणि ते १८ महिन्यांत वापरायचे. एक तास किमान ४५ मिनिटांचा, गटात जास्तीत जास्त पंधरा जण. हृदयविकारवाल्यांचे गट वेगळे, त्यांना ९० तास आणि २४ महिने. आपल्या खिशातून काही जात नाही. दर वेळी फक्त एका तक्त्यावर सही करायची.

त्या कागदाचं मला सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीये? जायला कारण मिळालं. "मी जाड आहे म्हणून व्यायामाला चाललेय" असं कुणाला सांगायला नको. डॉक्टरने सांगितलंय, औषध आहे, जावं लागतं. आपल्या आयांनी आयुष्यभर स्वतःसाठी वेळ काढला नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मात्र इमानेइतबारे पाळलं. तेच रक्त.

तर पहिला दिवस. नोव्हेंबर, संध्याकाळी सहाला मिट्ट काळोख, प्राथमिक शाळेची टुर्नहाले, म्हणजे व्यायामशाळा. आत जाताना फक्त फिक्या तळव्याचे बूट चालतात, नाहीतर फरशीवर काळे ओरखडे उठतात. माझे काळ्या तळव्याचे होते, म्हणजे पहिल्याच पावलाला अडले. शिकवणारी बाई साठीची. माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, मोज्यांवर कर, आज निम्मे जण मोज्यांवरच आहेत. खरंच होते. एका आजोबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. माझी अर्धी भीती तिथेच उतरली.

खुर्च्या गोलात मांडलेल्या. ओळी नाहीत, त्यामुळे पुढची रांग नाही आणि मागे लपायची जागाही नाही, पण लपावंसं वाटतही नव्हतं. आरसा नव्हता. वजन कुणी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. इथल्या क्रीडामंडळांत, म्हणजे फेराइनमध्ये, तशी पद्धतच आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ सुरुवातीला टाळूला चिकटायची.

आणि त्या बाईची एक युक्ती मी नंतर चोरली. ती सोपा प्रकार आधी दाखवते. खुर्चीवर बसून टाच पुढे टेकवायची, परत आणायची. हाच व्यायाम. मग सहज म्हणते, कुणाला हवं असेल तर पाय उचलूनही धरता येईल. जिममध्ये उलटं असायचं. अवघड प्रकार हा खरा व्यायाम, आणि "ज्यांना जमत नाही त्यांनी" म्हणून खालचा प्रकार. म्हणजे सगळ्यांसमोर नापास व्हायचं. इथे सोपं करणारा पासच असतो, अवघड करणाऱ्याला वर दोन गुण. आकडेही ती उलटे मोजते, आठ, सात, सहा... संपत आलंय हे कळत राहतं. मग काटेरी रबरी चेंडू तळपायाखाली घोळवायचा. तो इतका सुखाचा असतो की निव्वळ त्यासाठी मी बर्फातून गेलेय.

तिसऱ्या महिन्यात मी दोन आठवडे बुडवले. परत गेले तेव्हा भोकाच्या मोज्यावाल्या आजोबांनी विचारलं, कुठे होतीस? बस, एवढंच. ऑफिसमध्ये दोन आठवडे गायब झाले तर फक्त कॅलेंडरला कळतं.

या देशाला हे वेड जुनं आहे. यान नावाच्या मास्तराने १८११ साली बर्लिनजवळच्या हाझेनहाइडेत उघडं व्यायामाचं मैदान काढलं, तिथून ही मंडळं वाढत गेली. ते सगळं तरुणांचं, राष्ट्रभक्तीचं, छाती काढून. पण १९७० साली इथल्या क्रीडासंघाने 'ट्रिम डिख' नावाची मोहीम काढली ती मात्र खुर्चीत रुतलेल्या, पोट सुटलेल्या मंडळींसाठी होती. अंगठा वर केलेला ट्रिमी नावाचा हसरा गडी हे तिचं चित्र. पदकवीर नाही, पिळदार दंड नाहीत. रानातल्या पायवाटांवर लाकडी ओंडके आणि बार असलेले थांबे तेव्हापासून दिसू लागले, काही अजून आहेत. आमच्याजवळच्या वाटेवरच्या एका ओंडक्यावर मी भेळ खाल्लेली आहे, व्यायाम नाही.

मग आई आली. मिरजेहून, गुडघे धरून. प्रवासी विम्यात रेहास्पोर्ट कुठलं बसायला, पण फेराइनमध्ये 'श्नुपरश्टुंडे' असते. शब्दशः अर्थ हुंगायचा तास. एकदा फुकट येऊन हुंगून बघा, आवडलं तर पुढचं. आईला हा शब्द फार आवडला. "म्हणजे भाजीवाल्याकडे आंबा हुंगतात तसं," म्हणाली. गेली, पंजाबी ड्रेस घालून, जर्मनचा एक शब्द न कळता चाळीस मिनिटं करून आली आणि रात्री जेवताना म्हणाली, "अगं, तिथे एका बाईला माझ्यापेक्षा कमी जमत होतं." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद अगदी हलकट होता, पण पुढच्या आठवड्यात बूट ती आदल्या रात्रीच काढून ठेवायला लागली.

तिच्यासारख्या कितीजणी इथे येतात. बाळंतपणाला नाहीतर नातवंड सांभाळायला. लेक-सून कामावर गेली की बाळ, टीव्ही आणि खिडकी. बाहेर भाषा येत नाही, ट्रामची भीती. म्हणून आम्ही इथल्या मराठी मंडळातल्या तिघी-चौघींनी ठरवलं, त्यांच्यासाठी काहीतरी सुरू करायचं. आमच्यातली एक पुण्याची फिजिओथेरपिस्ट, शिकवायची जबाबदारी तिची. पत्रक मी केलं. "फिट व्हा, सक्रिय राहा!" सूर्यनमस्कार घालणाऱ्या सडपातळ मुलीचं चित्र.

पहिल्या मंगळवारी सहा जण आले. सहाही जण मॅरेथॉनवाले नाहीतर योगवाले. एकाने तर येताना सायकलवर अकरा किलोमीटर केले होते. ज्यांच्यासाठी केलं त्यांतली एकही नाही.

चूक पत्रकात होती. "फिट" हा शब्द वाचून फिट माणसंच येतात, बाकीच्यांना वाटतं आधी जरा बारीक होऊ, मग जाऊ. मी चित्र काढून टाकलं आणि लिहिलं: "मंगळवारी अकरा वाजता खुर्चीवर बसून हातपाय हलवू. खाली बसावं लागणार नाही. साडी चालेल. बाळाला आणलं तरी चालेल. नंतर चहा." त्याखाली कुठल्या ट्रामने यायचं, कुठल्या थांब्यावर मी स्वतः उभी असेन आणि स्वच्छतागृह आत आहे, हेही लिहिलं. शेवटच्या वाक्याला माझा नवरा हसला. ते वाचूनच आले, असं मला नंतर दोघींनी सांगितलं.

चर्चचा छोटा हॉल तासावर भाड्याने मिळाला. दुसऱ्या खेपेला नऊ जणी. चौथ्या खेपेला चौदा, आणि हॉलमध्ये खुर्च्याही चौदाच. व्यायामाच्या चाळीस मिनिटांत निम्मं लक्ष चहाबरोबर कुणी काय आणलंय याच्याकडे असतं, पण आमची फिजिओ म्हणते, असू दे, हात तर वर जातायत. एका काकूंनी हाताला ताण द्यायची पिवळी रबरी पट्टी मुलीकडून दोन मागवून घेतल्या. एक नणंदेला.

काका लोकांची गंमत वेगळी. ते येतात, पण "हिला सोडायला." दाराशी हात मागे बांधून उभे राहतात. आतून "मान डावीकडे" अशी सूचना आली की बाहेर दोन-तीन माना हळूच डावीकडे वळतात. मी बघितलं की लगेच भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागतात, जर्मनमधलं.

गेल्या मंगळवारी मी शेजारच्या खोलीतून तीन खुर्च्या आणल्या आणि दाराच्या जवळ, जरा बाहेरच्या बाजूला ठेवल्या. कुणाला काही बोलले नाही. चहाच्या वेळी पाहिलं तर त्यांतल्या दोन खुर्च्या दाराच्या आत आलेल्या होत्या.