उजवा गुडघा आणि मी
एक्स-रेत झीज दिसली तसे घरचे म्हणाले, "आता आराम कर." पण कूर्चेला (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत गादी, तीच झिजते) रक्तवाहिन्या नसतात, हालचालीने सांध्यातलं वंगण तिच्यात झिरपतं, तेच तिचं पोषण. बसून राहिलं की गुडघा आणखी आखडतो. म्हणून सकाळी अंथरुणातच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, ती दाबत मांडी घट्ट आवळते, पाच आकडे मोजून सोडते. कंटाळवाणं आहे, पण मांडीत ताकद आली की दुखणं कमी होतं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात (सिनेमातल्या म्हाताऱ्यांना हे कुणी सांगतच नाही!). वजन 1 किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने घटतो. माझं उतरतंय, रडतखडत.