तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी का काढत राहिलो

"सारखं पोटातलं पाणी काढलं नसतं तर आणखी टिकली असती ना?" हे मला तेरवीच्या पंगतीत विचारलं गेलं, मानेवाड्याच्या भाजीबाजारात विचारलं गेलं, आणि परवा एका लग्नात, हातात ताट असताना. विचारणारे सगळे मायेचेच. पण उत्तर पुरतं ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. म्हणून लिहितो.

हिचा अंडाशयाचा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला होता, ते तुम्हाला माहीत आहे. तशात बारीक रक्तवाहिन्या माठासारख्या पाझरू लागतात, आणि पाझरलेलं पाणी परत ओढून नेणाऱ्या लसिकावाहिन्या गाठींनी तुंबतात. म्हणजे काढलं म्हणून भरत नव्हतं. भरायचं कारण आत ठाण मांडून बसलं होतं.

लघवीच्या गोळ्या का नाही दिल्या? दिल्या ना. पहिल्यांदा काढलेलं पाणी तपासलं, तेव्हा रक्तातल्या आणि त्या पाण्यातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनची वजाबाकी केली होती. फरक १.१ किंवा त्याहून जास्त आला तर लिव्हरच्या शिरेतला दाब वाढलेला असतो, आणि तिथे लॅसिक्स, अल्डॅक्टोनची आशा धरता येते. हिचा फरक कमी आला. तरी डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या. पोट होतं तेवढंच राहिलं, बीपी मात्र उतरलं आणि उठलं की चक्कर. अळणी जेवणाचंही तेच. असं पाणी मीठ तोडून थांबत नाही, पण पोह्यांवर दोनदा तर्री घेणाऱ्या बाईला आम्ही अळणी वरण भरवत बसलो होतो, तेही तुमच्याच सल्ल्याने. पुनर्नवाचा काढा आणून देणाऱ्यांवर माझा राग नाही. थोडा आहे.

आता मे महिन्यातली ती रात्र. काटोलहून हिचे मोठे भाऊ आले होते. तोवर दोन-तीनदा पाणी काढून झालं होतं, पुढची तारीख ठरली होती. ते म्हणाले, "भाटवे, काऊन काढून राहिले हे? ताकद त्याच्यातच चालली तिची. प्रोटीन असते म्हणते त्या पाण्यात." आणि ते खोटं नव्हतं, प्रोटीन असतंच. हीच म्हणाली, "दादा म्हणतो तर पाहू थांबून." थांबलो.

पोट इतकं तटतटलं की कातडी चकाकायला लागली, बेंबी बाहेर आली. दोन घास खाल्ले की पुरे. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून खुर्चीत बसून, समोरच्या टेबलावर दोन उशा, त्यावर डोकं. कूलरचा आवाज बदलला, टाकी कोरडी पडली होती. मान न उचलता ही म्हणाली, "अहो, कूलरचं पाणी संपलं. माझ्यातलं घ्या थोडं." मला हसू आलं. दादा उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा ही त्यांना म्हणाली, "तुझं खरं असेल रे दादा. पण मला कुशीवर झोपायचं आहे."

सकाळी धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीचे डॉक्टर संध्याकाळी येतील, आधी पैसे भरा, म्हणाले. स्ट्रेचरवर झोपता येत नाही म्हणून दिवसभर बाकावर बसली. संध्याकाळी सोनोग्राफीने जागा पाहून खाली डावीकडे बधिर केलं, सुई घातली, नळी लावली. पिवळसर, जरा लालीकडे झुकणारं पाणी बाटल्यांत उतरत गेलं, चार लिटरच्या वर. तिसऱ्या बाटलीच्या सुमारास ही न थांबता एक अख्खं वाक्य बोलली. वाक्य दवाखान्याच्या पंख्याबद्दल होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येताना गाडीच्या मागच्या सीटवर कुशीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी सुईचं भोक गळायला लागलं. गाऊन भिजला, चादर भिजली, टॉवेल पुरेनात. शेवटी एका सिस्टरने शौचासाठी पोटावर लावतात ती पिशवी त्या भोकावर चिकटवून दिली, तेव्हा कुठे कोरडं झालं. दादा हिच्या दंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहा." दंड काडीसारखे झाले होते, मी काय बोलणार? पाणी काढल्यावर दर वेळी एक-दोन दिवस गळून जायची. काढण्यात काहीच गमावलं नाही, असं मी कुणालाच सांगणार नाही.

कायमची नळी बसवून घरीच थोडं थोडं काढता येतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी नको म्हणालो. नागपूरचा उन्हाळा, घाम, ड्रेसिंग, इन्फेक्शनची भीती. मुलगा अजून म्हणतो, बसवायला हवी होती. मीही त्या वेळच्या माझ्याशी भांडतो, बाकावरचे तिचे तास वाचले असते की! तर तो तेव्हाचा मी मला उलट विचारतो, रात्री दोन वाजता ताप चढला असता तर घरात होतं कोण? याचं उत्तर मुलाकडे नाही, माझ्याकडेही नाही.

राहिला तुमचा प्रश्न. पाणी काढणं हा कॅन्सरवरचा इलाज नाही, आरामासाठी आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. न काढता ती आणखी टिकली असती, असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे. ते दिवस खुर्चीतच गेले असते, एवढं मात्र त्यात धरा. दादांना हे अजून पटलेलं नाही. दिवाळीला येतील तेव्हा पुन्हा वाद होईल.

कुणाच्या घरी सध्या हे चालू असेल तर मला फोन करा, ती पिशवी कशी चिकटवायची ते सांगतो. ताप आला, पोट दुखून कडक झालं, तर मात्र मला नाही, सरळ दवाखान्यात.