सहा पाकळ्या आणि साठ अंशांची चूक

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या थराथरांच्या स्फटिकाच्या एका थराची जाडी जेमतेम ०.६५ नॅनोमीटर. त्यावर ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरचे फेमटोसेकंद (अतिशय आखूड) पल्स सोडले, की ४०० नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश परत येतो. हाच सेकंड हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारितेचा प्रकाश. नेहमीच्या रचनेच्या (२एच) स्फटिकात पुढचा थर १८० अंशांनी फिरून बसतो आणि पहिल्याचं काम पुसून टाकतो. म्हणून एक थर उजळ, दोन थर जवळपास काळे, तीन पुन्हा उजळ.

थर कुठल्या दिशेला बसलाय हे याच प्रकाशातून कळतं. लेझरचं ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) फिरवत, परत आलेल्या प्रकाशाचा त्याला समांतर भागच ॲनालायझरने निवडून त्याची तीव्रता मांडली, की सहा पाकळ्यांचं फूल उमटतं. पाकळीचं टोक म्हणजे आर्मचेअर ही स्फटिकातली एक ठरलेली दिशा. ध्रुवीकरण फिरवणारी हाफ-वेव्ह प्लेट ही डायक्रोइक आरसा (लेझर आणि सेकंड हार्मोनिक वेगळे करणारा) आणि ऑब्जेक्टिव्ह (नमुन्यासमोरचं भिंग) यांच्या मधेच लावा. मग जाणारा आणि येणारा, दोन्ही प्रकाश तिच्यातून जातात आणि आरशाला ध्रुवीकरण कायम एकच दिसतं. अर्थात प्लेट ४०० आणि ८०० दोन्हींना चालणारी हवी. प्लेट १ अंश फिरली की ध्रुवीकरण २ अंश फिरतं, म्हणजे पाकळ्या प्लेटवर दर ३० अंशांनी येतात. आलेखात बारा पाकळ्या दिसल्या तर दोनाने गुणायचं राहिलंय.

लेझरची पॉवर अर्ध्या मिलिवॅटपासून चढवा. दुप्पट केली की सिग्नल चौपट व्हायला हवा. नंतर पॉवर उतरवत तेच आकडे पुन्हा घ्या. उतरताना सिग्नल कमी भरला तर थर जळायला लागलाय. फिल्टरमधून मूळ लेझर गळतोय अशी शंका आली, तर सरासरी पॉवर तीच ठेवून मोड-लॉक तोडा, म्हणजे लेझर पल्सऐवजी सलग चालेल. सेकंड हार्मोनिक विझतो, गळती तशीच राहते.

फूल वाकडं आलं की लगेच ‘थरात ताण आहे’ म्हणू नका. समोरासमोरच्या पाकळ्यांचं ध्रुवीकरण एकच असतं. त्या असमान असतील तर दोष स्फटिकाचा नाही: प्लेटबरोबर किरण सरकतोय, नाहीतर फोकस हलतोय. एसी सुरू-बंद होत असला की फोकस हलतोच. समोरासमोरच्या सारख्या, पण तीन जोड्या एकमेकींपेक्षा लहानमोठ्या असतील, तर नमुना ३० अंश फिरवा. वाकडेपणा नमुन्याबरोबर फिरला तर ताण. जागच्या जागी राहिला तर ऑप्टिक्स.

पावसाळ्यात मुंबईत आणखी एक काळजी घ्यावी लागते. २० अंशांच्या खोलीतली चिप (थर जिच्यावर बसवलाय ती) थेट बाहेरच्या ३० अंश, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडली तर तिच्यावर दव धरणारच, कारण त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. डबी बंद ठेवूनच बाहेर आणा आणि चिप हवेइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका. डेसिकेटरमधली (नमुने कोरडे ठेवायच्या बंद डब्यातली) निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये वाळवा. आणि दुसरा थर चढवण्याआधी चिप हॉटप्लेटवर १०० अंशांवर दोन मिनिटं तापवा, नाहीतर दोन थरांमध्ये ओल अडकून फोड धरतात.

आता मुख्य मुद्दा. हे फूल ६० अंश फिरवलं तरी तसंच दिसतं. त्यामुळे दोन थरांमधला कोन २ अंश आहे की ५८, हे सुट्या थरांच्या फुलांवरून कधीच कळत नाही; आणि मोआरे रचनेत (किंचित फिरवून ठेवलेल्या दोन थरांच्या जाळ्यांतून उमटणाऱ्या मोठ्या नक्षीत) हे दोन अगदी वेगळे पदार्थ ठरतात. उत्तर मिळतं ते थर एकमेकांवर येतात त्या भागात. तिथे दोन्हींच्या प्रकाशाची विद्युतक्षेत्रं जोडली जातात आणि तीव्रता एका थराच्या तुलनेत दोन अधिक दोन गुणिले कोसाइन तीन थीटा इतकी होते; थीटा म्हणजे दोन थरांमधला कोन. २ अंशांना जवळपास चौपट, ३० अंशांना दुप्पट, ५८ अंशांना एका टक्क्याच्या आसपास. दोन्ही थर एकाच पदार्थाचे असतील तर एका नकाशात निकाल लागतो. पदार्थ वेगळे असतील तर दोन्हींच्या लहरींची फेज (कला) जुळत नाही, काळोख पुरता होत नाही. तेव्हा त्याच दोन पदार्थांचा, कोन आधीच ठाऊक असलेला जोड शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं.