जुन्या ट्रेनरचा पट्टा आणि माझे अठरा दिवस

आधी एवढं करा: हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा मागवण्यापूर्वी ट्रेनरच्या, म्हणजे घरातल्या घरात सायकल मारायच्या यंत्राच्या, माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान वाचा. मी ते अठराव्या दिवशी वाचलं.

ट्रेनर मेव्हण्याचा. जर्मनीहून परतताना सामानात घेऊन आला, दोन महिने चालवला, मग कोथरूडच्या फ्लॅटमध्ये त्यावर टॉवेल वाळायला लागले. पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर सायकल काढायची माझी हौस फिटली तेव्हा तो मी उचलून आणला. हँडलवर छोटा डिस्प्ले, त्यात वेग, वॉट आणि कोपऱ्यात एक बदाम. बदामाशेजारी दोन आडव्या रेघा. डॉक्टरांनी बजावलं होतं, सध्या ठोके १३० च्या वर नेऊ नका. म्हणजे त्या रेघांच्या जागी आकडा हवा.

ऑनलाइन छातीचा पट्टा मागवला. वर्णनात ठळक अक्षरांत ‘सर्व जिम उपकरणांसाठी योग्य’. बांधला, फोनवर लगेच ७४. ट्रेनरवर रेघा. पट्टा जोडायचं बटण शोधत मी त्या डिस्प्लेची सगळी बटणं दाबली, एकेक, दोन-दोन, शेवटी तिन्ही एकदम. भाषा बदलून डच झाली. ती परत इंग्रजी करण्यात संध्याकाळ गेली.

मग विक्रेत्याची ग्राहकसेवा. पहिला प्रश्न, “सर, ब्लूटूथ ऑन आहे का?”

“फोनचं आहे. ट्रेनरला ब्लूटूथच नाही.”

“मग सर, ट्रेनरचं ब्लूटूथ ऑन करून बघा.”

हा संवाद मी चार वेळा केला, चार वेगळ्या माणसांशी, आणि दर वेळी ऑर्डर क्रमांकापासून. दुसऱ्याने अ‍ॅप काढून परत टाकायला लावलं. तिसरीने पट्ट्याचा व्हिडिओ मागितला. मी पट्टा बांधून, शर्ट वर धरून, दुसऱ्या हाताने डिस्प्लेच्या रेघा चित्रित केल्या. बायको दारातून म्हणाली, “हे कुणाला पाठवतोयस तू?” पाठवला. उत्तर आलं: पट्टा फोनवर चालतो, म्हणजे वस्तू सदोष नाही, म्हणजे परत घेता येणार नाही. चौथ्याशी बोलेपर्यंत परतीचे सात दिवस उलटले होते, आणि ते उलटल्याचं मला त्यानेच सांगितलं. फार नम्रपणे. पट्टा खराब आहे असं मी कधी म्हणालोच नव्हतो. तो माझ्या ट्रेनरशी बोलतो का, एवढंच विचारत होतो, आणि त्यासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता. रकाने तीन: तुटकी वस्तू, चुकीची वस्तू, मन बदललं. मी ‘चुकीची वस्तू’ निवडलं तर म्हणे, वर्णनातलीच पाठवली आहे.

पेठेतल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानात गेलो. “पट्टे सगळे सारखेच असतात हो.” तिथून वैतागून तपकीर गल्लीत वळलो, कारण मेव्हण्याचा जुना टेपरेकॉर्डर एकदा तिथेच दुरुस्त झाला होता. दुरुस्तीवाल्या काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “ट्रेनर कुठल्या साली घेतलाय?” मला हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, २००६-०७ असेल. त्यांनी खणातून तांब्याच्या तारेचं वेटोळं काढलं, एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं आणि माझ्या शर्टावर पट्ट्याजवळ धरलं. स्पीकरमधून नुसती खरखर. मग त्यांनी स्वतःच्या खणातला, कुठल्याशा जिमच्या भंगारातला पट्टा मला बांधायला दिला. आत बांधून आलो. टिक, टिक, टिक. भर गल्लीत माझे ठोके स्पीकरवर.

गोष्ट साधी निघाली. जुनी यंत्रं साधारण ५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय स्पंदावर चालतात. प्रत्येक ठोक्याला पट्टा एक स्पंद सोडतो, डिस्प्ले दोन स्पंदांमधलं अंतर मोजतो. बिनतारी पट्ट्याची ही कल्पना पोलर या फिनलंडच्या कंपनीने १९८२ मध्ये मनगटी यंत्रासोबत बाजारात आणली. त्यात जोडणी नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे माझं बटण कुठून सापडणार! आताचे पट्टे ब्लूटूथ आणि अँट प्लस (व्यायामाच्या उपकरणांची ब्लूटूथसारखीच बिनतारी पद्धत) यांवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. घड्याळाने ठोके प्रसारित केले तरी तेही त्याच भाषेत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘५ किलोहर्ट्झ’ छापलेलं होतंच.

मी पोलरचा एच ९ घेतला. एच १० सुद्धा चालतो. दोन्ही ब्लूटूथ, अँट प्लस आणि ५ किलोहर्ट्झ, तिन्ही सोडतात. फोनवरही आकडा, ट्रेनरवरही. पोलरचाच जुना टी ३१ पट्टा ट्रेनरपुरता पुरतो, पण तो सीलबंद असतो, बॅटरी संपली की पट्टाच टाकायचा. वापरलेला घेऊ नका. जुन्या बाजारात तर अजिबात नाही, मी तिथेही एक रविवार घालवला आहे.

पहिल्या दिवशी बदाम लुकलुकला आणि आकडा आला २१४. घाबरून उतरलो. समोरचा टेबलफॅन! मोटरचा गोंधळ डिस्प्ले ठोके समजत होता. पंखा पाठीमागे ठेवला, आकडा ११८. या स्पंदाचा पल्ला जेमतेम मीटरभर, म्हणून डिस्प्ले छातीपासून लांब लावू नका. आणि शेजारी दुसरं कुणी जुना, कोड (पट्ट्याची स्वतःची वेगळी खूण) नसलेला पट्टा बांधून बसलं तर दोघांच्या ठोक्यांची खिचडी होते.

पट्ट्याच्या आतले काळे भाग बांधण्यापूर्वी पाण्याने ओले करा. नाहीतर घाम येईपर्यंत पहिली पाच-दहा मिनिटं आकडा भरकटतो. झाल्यावर पुढचा डबीसारखा भाग काढून ठेवा, ओल्या पट्ट्यावर राहिला की तो चालूच राहतो आणि सेल संपतो. सेल सीआर २०२५.