जादूगारांच्या देशात मीठ कोण आणतं?

आमच्या रविवारच्या रोल-प्लेइंग गेमसाठी (पात्रं घेऊन गोष्ट खेळायची तो) मी एक काल्पनिक देश बनवतोय, सगळे अभ्यासू जादूगार, मोठमोठी ग्रंथालयं वगैरे. नकाशा झाला, राजाऐवजी कुलगुरू बसवला, आणि मग ग्रुपमधल्या एकाने विचारलं, अरे पण हे लोक खातात काय? झालं, गाडी तिथेच अडली.

मंत्राने भाकरी होते म्हटलं की सगळी मजाच जाते, म्हणून खऱ्या जगात शोधलं. नालंदाचा खर्च गावांच्या उत्पन्नातून चालायचा, सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने 200 च्या वर गावं सांगितलीत. म्हणजे पोथीवाल्याच्या मागे नांगरवाला आहेच. पण खरा नमुना सापडला तो टिंबक्टू, पश्चिम आफ्रिकेतलं जुनं व्यापारी शहर. सहारा वाळवंटाच्या कडेला, नायजर नदीजवळ, उत्तरेकडून तगाझाच्या खाणीतल्या मिठाच्या लाद्या उंटांवरून येणार, दक्षिणेकडून सोनं, आणि मधे हे विद्वान लोक बसलेले. लिओ आफ्रिकानस नावाचा प्रवासी सोळाव्या शतकात लिहितो की तिथे हस्तलिखितांच्या धंद्यात बाकी कुठल्याही मालापेक्षा जास्त नफा होता!! पुस्तकांत!

तर आता माझे जादूगार मंत्रांच्या नकला विकतात, मूळ पोथी देशाबाहेर जात नाही, आणि नक्कल एकदा वापरली की शाई उडते, म्हणजे गिऱ्हाईक परत येणारच (हे जरा प्रिंटरच्या कार्ट्रिजसारखं झालंय, माहितीये). मीठ आणि धान्य मात्र सगळं बाहेरून. शेजारच्या राजाने घाट बंद केला की पंधरा दिवसांत कुलगुरूसुद्धा उपाशी. पुढच्या रविवारी घाट बंद करतोय, ग्रुपमधे कुणाला सांगू नका.